कुत्र्या-मांजरांची नसबंदी : कुणाची, कधी, आणि तयारी काय करायची

प्रश्न थोडक्यात असा : फुलेवाडीतल्या घरी अकरा महिन्यांची लॅब्रॅडॉर कुत्री आहे. तिचा पहिला माज संपून तीन आठवडे झाले. त्याच घरात पाच महिन्यांची भाटी, म्हणजे मांजरी आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याला शेतावर तीन वर्षांचा कारवानी जातीचा नर कुत्रा राखणीला असतो. तिघांचं ऑपरेशन करावं का, कधी करावं, धोका किती, आणि ‘मादीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’ हे घरातल्या मोठ्यांचं म्हणणं कितपत खरं?

तिघांसाठी एकच उत्तर नाही. भाटीचं ऑपरेशन लगेच ठरवा, तिच्या बाबतीत वाट बघण्यासारखं काहीच नाही. लॅबचं करायचंच, पण आज नको. अजून दीड-दोन महिन्यांनी. कारवानीचं केलं तर फायदा आहे, मात्र मादीइतकी निकड नाही आणि त्याच्यासाठी ऋतू बघून दिवस ठरवता येतो.

मादीच्या ऑपरेशनात पोट उघडून दोन्ही अंडाशयं आणि बहुतेक वेळा गर्भाशयही काढतात. नराची दोन्ही वृषणं काढतात. नुसती नळी बांधण्याचा प्रकार कुत्र्या-मांजरांत सहसा करत नाहीत. नळी बांधली तर पिल्लं होणार नाहीत, पण हार्मोन चालूच राहतात, आणि आपल्याला टाळायचे असतात ते बहुतेक आजार त्या हार्मोनमुळेच होतात.

त्यातला सगळ्यात घातक म्हणजे गर्भाशयात पू होणं, म्हणजेच पायोमेट्रा. कुत्रीच्या शरीराची एक खोड आहे. माज संपला की गाभ राहो न राहो, पुढचे जवळजवळ दोन महिने रक्तात प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन चढलेलं असतं. या काळात गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातल्या ग्रंथी पाझरतात, गर्भाशयाचं तोंड मिटतं आणि स्नायू सुस्तावतात. माजाच्या वेळी तोंड उघडं असताना आत शिरलेल्या जिवाणूंना, विशेषतः ई. कोलायला, हीच जागा सोयीची पडते. प्रत्येक माजाबरोबर अस्तरात थोडा थोडा बिघाड साठत जातो. म्हणून हा आजार मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या कुत्र्यांत जास्त दिसतो, पण पहिल्या-दुसऱ्या माजानंतरही होतो. स्वीडनमधल्या विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदींत, ऑपरेशन न झालेल्या माद्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्शाला वयाच्या दहा वर्षांच्या आत हा आजार झाल्याचं आढळलं. आपल्याकडे तशा नोंदी ठेवल्या जात नाहीत, पण जनावर तेच आणि हार्मोनही तेच.

हा आजार माजानंतर साधारण चार ते आठ आठवड्यांत डोकं वर काढतो. म्हणजे तुमची लॅब या घडीला त्याच टप्प्यात येते आहे. तेव्हा आतापासून तिच्या पाण्याच्या भांड्याकडे लक्ष द्या. दिवसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी पीत असेल, म्हणजे २८ किलोची कुत्री २.८ लिटरच्या वर, तर ते उन्हाळ्याच्या नावावर खपवू नका. सोबत जेवण कमी, उलटी, सुस्ती, मागच्या अंगाने पिवळट, चॉकलेटी किंवा रक्ताळलेला वास मारणारा स्राव, असं काही दिसलं तर त्याच दिवशी सोनोग्राफी करून घ्या. स्राव दिसतो तो प्रकार त्यातल्या त्यात बरा. तोंड बंद राहिलं की बाहेर थेंबही येत नाही, पोट मात्र फुगत जातं. करंगळीहून बारीक असलेली गर्भाशयाची शिंगं मनगटाएवढी जाड होतात आणि विष रक्तात भिनतं. त्या अवस्थेतही उपाय म्हणजे हेच ऑपरेशन, पण तेव्हा ते अर्धमेल्या कुत्रीवर, सलाईन लावून, रात्री-अपरात्री करावं लागतं. खर्च कितीतरी पट वाढतो आणि कुत्री वाचेलच याची हमी राहत नाही. धडधाकट असताना केलेल्या नसबंदीचा सगळ्यात मोठा फायदा विचाराल तर हाच.

दुसरा फायदा स्तनाच्या गाठींचा. याबद्दल एक आकडा सगळीकडे फिरतो आणि बहुतेक जण तो चुकीचा वाचतात. १९६९ सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासानुसार पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या कुत्रीला स्तनाच्या कर्करोगाचा धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के आणि दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के. हे टक्के ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या धोक्याच्या तुलनेतले आहेत. ‘शंभर कुत्र्यांतल्या २६ जणींना कर्करोग’ असा त्याचा अर्थ होत नाही. २०१२ साली उपलब्ध अभ्यासांची एकत्र छाननी झाली तेव्हा हा पुरावा म्हणावा तितका भक्कम नाही असंही निघालं. आकडे थोडे इकडेतिकडे झाले तरी दिशा एकच : जितके माज कमी, तितका धोका कमी. तुमच्या लॅबचा एक माज होऊन गेला याचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. दुसऱ्याआधी काम झालं तरी फायद्याचा मोठा वाटा पदरात पडतो.

मग पहिल्या माजाआधीच का करत नाहीत? छोट्या अंगाच्या कुत्र्यांत करावंच. पॉमेरेनियन, डॅशहंड किंवा गल्लीतून आणलेली पंधरा-वीस किलोची देशी कुत्री असेल तर सहा महिने हे ठीक वय. मोठ्या जातींत मामला वेगळा आहे. लांब हाडांच्या टोकांची वाढ थांबवण्याचा इशारा अंडाशयांतल्या हार्मोनकडून येतो. ती लवकर काढली तर हाडं जरा जास्त काळ वाढत राहतात, सांध्यांचे कोन बदलतात, आणि गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं, खुब्याचा सांधा सैल होणं हे प्रकार वाढतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० साली ३५ जातींच्या नोंदी तपासल्या, त्यात लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड यांच्यात लवकर ऑपरेशनचा सांध्यांवरचा परिणाम स्पष्ट दिसला. लॅब मादीसाठी वर्षाच्या पुढे, जर्मन शेफर्डसाठी दोन वर्षांपर्यंत थांबा, असा त्यांचा सल्ला. तुमची कुत्री दीड-दोन महिन्यांनी तेरा महिन्यांची होईल, दुसरा माज अजून लांब असेल. दोन्ही बाजूंनी जमून येतं.

ते दीड-दोन महिने थांबायचं कारण आणखी एक आहे. माजावर असताना आणि त्यानंतर काही आठवडे गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ऊतक भुसभुशीत होतं, टाका ओढला की फाटतं आणि रक्तस्राव जास्त होतो. शिवाय माजानंतरच्या दोन महिन्यांत पुष्कळ कुत्र्यांना खोटा गाभ राहतो : आचळं सुजतात, दूध येतं, कुत्री चपला-खेळणी गोळा करून पिल्लांसारखी कुशीत घेऊन बसते. ऐन त्या काळात अंडाशयं काढली तर प्रोजेस्टेरॉन एकदम कोसळतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन चढतं आणि दूध व ते वागणं लांबत जातं. म्हणून माजाचा पहिला रक्ताचा थेंब दिसला ती तारीख धरा आणि तिथून साधारण तीन महिने मोजा. ऑपरेशनच्या दिवशी आचळं दाबून बघायची, दूध आलं तर तारीख पुढे ढकलायची. व्यालेल्या कुत्रीचंही तसंच. पिल्लं सुटून दूध आटेपर्यंत थांबतात. पायोमेट्रा झालेला असेल तर मात्र यातलं कोणतंच पथ्य पाळत बसायचं नाही.

‘एकदा पिल्लं होऊ द्यावीत’ याला वैद्यकीय आधार नाही. एकदा व्यायल्याने पायोमेट्रा टळत नाही, स्वभावही निवळत नाही. लॅब एका वेळी सहा-आठ पिल्लं सहज देते. पिल्लू अडलं तर सिझेरियन, कॅल्शियम घसरलं तर झटके, आणि आठ आठवडे ती सगळी पोसायची. विकायचं मनात असेल तर कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत, त्यानुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. फुकट द्यायची म्हटली तर पहिली दोन पाव्हण्यांत जातात, पुढच्यांसाठी गिऱ्हाईक शोधता शोधता नाकी नऊ येतात.

ऑपरेशन नको म्हणून ‘हीट न येण्याचं इंजेक्शन’ मागणारेही आहेत. ती प्रोजेस्टेरॉनसारखीच औषधं असतात. जे हार्मोन पायोमेट्रा घडवतं तेच बाहेरून टोचायचं, हा शहाणपणा नव्हे. मांजरांत त्यामुळे स्तनं लिंबाएवढी सुजतात आणि मधुमेहही होऊ शकतो. चुकून नर लागला म्हणून लगेच ‘गाभ पाडायचं’ इस्ट्रोजेनचं इंजेक्शन देणं त्याहून वाईट. त्याने अस्थिमज्जा बसते, रक्तपेशी तयार होणं थांबतं, आणि ते उलटवता येईलच असं नाही.

आता भाटीकडे वळू. मांजरीला वयात यायला चार-पाच महिने पुरतात. तिला नर लागल्यावरच अंड सुटतं. नर लागला नाही तर माज दोन-तीन आठवड्यांनी परत परत येत राहतो. रात्रभर ओरडणं, जमिनीवर लोळणं, मागचा भाग वर करून पाय झाडणं. हे पाहून पोट दुखतंय असं समजून दवाखान्यात आणणारे पुष्कळ. थंड देशांत हिवाळ्यात दिवस लहान झाला की मांजरींचा माज थांबतो. आपल्याकडे दिवस फारसा लहान होतच नाही, त्यामुळे जवळजवळ वर्षभर हे चालू. गाभणकाळ नऊ आठवड्यांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. स्तनाच्या गाठी मांजरीत कुत्रीपेक्षा कमी होतात, पण झाल्या तर दहातल्या आठ-नऊ कर्करोगाच्या निघतात; कुत्रीत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास असतं. सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालेल्या मांजरींत हा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी कमी आढळला आहे. भाटीचं वजन दोन किलोच्या आसपास असेल, लसी झाल्या असतील, तर थांबू नका. सांध्यांची चिंता मांजरीत नाही.

पुढे कधी बोका पाळलात तर त्याचंही पाच-सहा महिन्यांत उरकून घ्या. भिंतींवर लघवीचे फवारे आणि गच्चीवरच्या मारामाऱ्या दोन्ही कमी होतात. मारामारीतल्या चाव्यांनी गळवं होतात आणि मांजरांचे विषाणूही पसरतात. बोक्याची लघवी तुंबण्याचा दोष लोक नसबंदीला देतात. मूत्रनलिकेच्या रुंदीत त्याने फरक पडत नाही हे तपासून झालेलं आहे. वाढलेलं वजन, कमी पाणी आणि फक्त कोरडा खुराक हे त्यामागचे खरे धनी.

कारवानीबद्दल. नराला ऑपरेशनचा वैद्यकीय फायदा मादीइतका मोठा नसतो हे आधी स्पष्ट सांगतो. वृषणांच्या गाठी होत नाहीत, म्हातारपणी प्रोस्टेट सुजत नाही, गुदद्वाराभोवतीच्या गाठी आणि तिथला हर्निया कमी होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगापासून मात्र संरक्षण मिळत नाही. एखादं वृषण खाली उतरलेलं नसेल तर विषयच संपला : पोटात राहिलेल्या वृषणात गाठ होण्याचा धोका कैक पटींनी जास्त असतो, ते काढायलाच हवं. घरी दोन बोटांनी चाचपून बघा, दोन आहेत ना.

शेतावरच्या मोकळ्या कुत्र्यासाठी खरा मुद्दा भटकण्याचा आहे. माजावरच्या कुत्रीच्या वासावर नर दोन-दोन गावं पालथी घालतो. रस्त्यावर गाडीखाली येतो, फाटून येतो, आणि एक आजार घेऊन येतो ज्याची बऱ्याच मालकांना कल्पनाच नसते. संभोगातून पसरणारी गाठ, टीव्हीटी. तिच्यात कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजतात. शिश्नाच्या टोकाकडून रक्ताचे थेंब पडतात, मालक ‘लघवीतून रक्त जातंय’ म्हणून मुतखड्याची औषधं देत बसतो. कातडी मागे सरकवली की मुळाशी फुलकोबीसारखी, हात लागताच रक्ताळणारी गाठ दिसते. व्हिन्क्रिस्टिनची आठवड्याला एक अशी साधारण चार ते सहा इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात, पण औषध विषारी आहे, शिरेबाहेर थेंब गेला तरी मांस सडतं. तेव्हा ऑपरेशनआधी त्याची तिथली तपासणी सांगून करून घ्या.

राखण कमी होते का? नाही. अनोळखी माणसावर भुंकणं, आपली हद्द सांभाळणं हे बऱ्याच अंशी जातीवर, सवयीवर आणि वाढवण्यावर अवलंबून असतं. भटकणं, इतर नरांशी भांडणं, अंगावर चढणं हे पुष्कळ नरांत कमी होतं; तीन वर्षांत मुरलेली सवय असेल तर पूर्ण जाईलच असं नाही. एक इशारा मात्र द्यायला हवा : कुत्रा भीतीपोटी चावत असेल तर वृषणं काढून तो सुधारणार नाही, काही वेळा आणखी बुजतो. ‘चावतो म्हणून ऑपरेशन करा’ असं कुणी म्हटलं की आधी तो का चावतो ते शोधावं लागतं.

कारवानी, मुधोळ ही हडकुळ्या अंगाची शिकारी कुत्री. त्यांच्या अंगावर चरबी नगण्य. ग्रेहाउंडमध्ये थायोपेंटोनसारखी भूल फार वेळ उतरत नाही हे चांगलं माहीत आहे, आणि याच बांध्याच्या आपल्या कुत्र्यांनाही ते औषध टाळलेलं बरं. डॉक्टरांना जात सांगून भुलीची निवड विचारा. अंगावर चरबी नसल्याने ती टेबलावर लवकर गारही पडतात. खाली गरम गादी किंवा गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून हव्यात.

आता तयारी, कारण ऑपरेशन बिघडतं ते बहुधा इथेच. आपल्या भागात माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गोचीड ताप. गोचिडीतून एर्लिकिया किंवा बबेसिया अंगात शिरतो, कुत्रा वरून ठणठणीत दिसतो, जेवतो-खेळतो, पण रक्तातले प्लेटलेट घसरलेले असतात. अशा कुत्रीचं पोट उघडलं की गाठी नीट बांधूनही रक्त झिरपत राहतं. म्हणून ऑपरेशनआधी आठवडाभरात रक्ततपासणी : हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, यकृत आणि किडनी. कुत्र्यात प्लेटलेट साधारण दोन ते पाच लाख असायला हवेत. लाखाच्या खाली असतील तर ऑपरेशन पुढे ढकलून आधी उपचार. एर्लिकियाला डॉक्सिसायक्लिनचा कोर्स सहसा २८ दिवसांचा असतो आणि दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून तो मध्येच सोडायचा नाही. शेतावरच्या कारवानीची तपासणी तर चुकवूच नका, गोठ्याशेजारी राहणाऱ्या कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड हमखास सापडते.

गोचीड मारताना घरातल्या भाटीचा विचार ठेवा. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनचे थेंब, गोठ्यात फवारायचं सायपरमेथ्रिन, ॲमिट्राझ, यातलं काहीही मांजरीला लावायचं नाही. ओल्या अंगाचा कुत्रा तिने चाटला तरी झटके येऊ शकतात. थेंब लावलात तर ते वाळेपर्यंत दोघींना वेगळं ठेवा.

लसी ऑपरेशनच्या किमान दोन आठवडे आधी झालेल्या असाव्यात, जंतांचं औषधही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री दहाच्या आत लॅबचं शेवटचं जेवण, हलकं. पाणी सकाळी निघेपर्यंत चालतं. उपाशी ठेवण्याचं कारण साधं आहे : भुलेत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते आणि न्यूमोनिया होतो. लॅब असल्याने खरकट्याची बादली, मांजरीची वाटी आणि नातवंडांचा लळा या तिन्हींवर नजर ठेवा. भाटीला मात्र रात्रभर उपाशी ठेवू नका. लहान जिवाची साखर लवकर घसरते. तिला तीन-चार तासांचा उपास पुरे, नेमकी वेळ डॉक्टर सांगतील.

दवाखाना निवडताना दर विचारण्याआधी चार गोष्टी विचारा. श्वासनलिकेत नळी घालून ऑक्सिजन देण्याची सोय आहे का? शिरेला सुई लावून ठेवतात का? भुलेत असताना हृदय आणि श्वासावर लक्ष ठेवायला ऑपरेशन करणाऱ्याखेरीज दुसरं माणूस असतं का? वेदनाशामक ऑपरेशनच्या आधीपासून देतात का? गॅसची भूल महाग पडते, पण तीस किलोच्या कुत्रीला तासभर टेबलावर ठेवायचं तर भुलीची खोली पाहिजे तशी कमी-जास्त करता येते. फक्त झायलाझिन-केटामाइन या भुलीच्या इंजेक्शनांवर छोटी कामं होतात, चालतात. बोक्याच्या ऑपरेशनला पाच-दहा मिनिटं लागतात. लॅबसाठी मी गॅसचा आग्रह धरेन.

चीर बेंबीच्या खाली मधोमध घेतात किंवा कुशीत. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. कौशल्य लागतं ते अंडाशयाच्या देठाशी. ते बरगडीखाली किडनीजवळ एका बंधाने घट्ट धरलेलं असतं. बंध सोडवून देठ बाहेर घेतल्याशिवाय गाठ मारली तर दोन गोष्टी बिघडतात : चरबीत गाठ घट्ट बसत नाही आणि नंतर निसटते, किंवा अंडाशयाचा तुकडा आत राहतो. गाठ निसटली तर पहिल्या चोवीस तासांत पोटात रक्तस्राव. तुकडा राहिला तर काही महिन्यांनी कुत्री पुन्हा माजावर येते आणि मालक म्हणतो ऑपरेशन फसलं. लठ्ठ कुत्रीत हे दोन्ही धोके वाढतात, म्हणून या दोन महिन्यांत लॅबचं वजन वाढू देऊ नका.

घरी आणल्यावर पहिल्या रात्री दर दोन-तीन तासांनी ओठ उचलून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. हिरडी पांढुरकी, पोट फुगतंय, श्वास जलद, उठवलं तरी उठत नाही : सकाळची वाट बघायची नाही, फोन करून निघायचं. थोडं कण्हणं, थरथर, एखादी उलटी आणि पहिला दिवस जेवणावर मन नसणं चालतं.

गळ्यातला प्लास्टिकचा कोन दहा ते चौदा दिवस. तो काढून टाकावासा वाटतो, कुत्री दाराला धडकते, केविलवाणी बघते. तरी ठेवा, चाटून टाके उसवायला तिला रात्रीतली दहा मिनिटं पुरतात. भाटीला कोन सहन होत नसेल तर जुन्या बनियनचे पट्टे कापून पाठीवर बांधायचा अंगरखा करता येतो, रोज बदलायचा. अंघोळ नाही, गच्चीवर उड्या नाहीत, जिना उचलून. टाके न विरघळणारे असतील तर दहा-बारा दिवसांनी काढतात. जखमेला हळद, तेल, राख काही लावायचं नाही. दुखतंय म्हणून घरातली गोळी तर अजिबात नको : पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेते, आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जठरात आणि किडनीत घाव घालतं. मेलोक्सिकॅम डॉक्टरांनी लिहिलं असेल तर जेवणानंतर, मापात. टाक्याखाली मऊ, न दुखणारी सूज आली तर बहुधा पाणी साठलेलं असतं, उड्या मारणाऱ्या तरुण कुत्र्यांत दिसते. गरम, लाल, पू असलेली किंवा जखमेची कड उघडलेली सूज दाखवायलाच हवी.

कारवानीची पिशवी तीन-चार दिवस सुजलेली दिसते, तेवढं असतं. मोठ्या, उधळ्या नरांत आत रक्त साठून ती वांग्याएवढी होऊ शकते. पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेल्या बर्फाने पाच-पाच मिनिटं शेकलं आणि साखळीला बांधून ठेवलं तर टळतं. नळ्यांत उरलेले शुक्राणू असतात, त्यामुळे पुढचे महिना-दीड महिना माजावरच्या कुत्रीपासून त्याला लांबच ठेवा.

ऋतू : पावसाळ्यात ऑपरेशन करायला वैद्यकीय मनाई नाही. लॅब आणि भाटी फरशीवर, कोरड्या गादीवर राहणार, त्यांचं केव्हाही करा. शेतावरच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. जून ते सप्टेंबर पन्हाळ्याच्या बाजूला जमीन वाळतच नाही, गोठ्यात माशा घोंघावतात, जखमेवर एकदा माशी बसली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अळ्या. त्याचं दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत करा, आणि तेव्हाही आठ-दहा दिवस घरी आणून ठेवा.

शेवटी वजन, कारण नसबंदीचा खरा तोटा तोच आहे. ऑपरेशननंतर शरीराची ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक उलट वाढते. लॅबमध्ये तर भुकेला आवर घालणाऱ्या एका जनुकातला दोष बऱ्याच जणींत असतो, त्यामुळे ती ‘पोट भरलं’ म्हणणारच नाही. २८ किलोच्या, घरात राहणाऱ्या, ऑपरेशन झालेल्या लॅबला दिवसाला १२०० ते १३५० कॅलरी पुरतात. कोरड्या खुराकाच्या बहुतेक पाकिटांत १०० ग्रॅमला ३५० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे दिवसाचे साधारण ३५० ग्रॅम, वाटीने नको, काट्यावर मोजून. त्यावर म्हशीचं अर्धा लिटर दूध घातलं की आणखी ५०० कॅलरी झाल्या, आणि इथेच आपल्याकडची कुत्री फुगतात. दूध-भाकरी द्यायचीच असेल तर तेवढा खुराक कमी करा. रविवारचा रस्सा नको. तिखटाचं सोडा, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो आणि शिजलेलं हाड आतड्यात अडकतं. टाके निघाल्यापासूनच खाणं कमी करा, चरबी चढल्यावर उतरवणं जड जातं. महिन्यातून एकदा दवाखान्याच्या काट्यावर उभी करा. बोटं हलकी फिरवून बरगड्या मोजता आल्या पाहिजेत.

दुसरा तोटा काही माद्यांत, विशेषतः मोठ्या अंगाच्या, काही महिन्यांनी किंवा वर्षांनी दिसतो : झोपेत लघवी गळणं. कुत्री उठते तेव्हा गादी ओली, तिला स्वतःला पत्ता नसतो. ‘मुद्दाम करते’ म्हणून तिला मारू नका. मूत्रमार्गाचा झडपेचा स्नायू इस्ट्रोजेनअभावी सैल पडलेला असतो. लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री झाली की त्यावर रोजच्या गोळ्या आहेत, आणि बहुतेकींत त्या चांगल्या लागू पडतात.